शिगेची वाटी

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. चांदवडकडचं गाव सोडून इंदिरानगरात मुलाकडे राहायला आलो होतो. शाळा माझी दुसरीतच सुटली. पण खळ्यावर पायलीनं धान्य मोजून द्यायचं काम आमच्या घरात, आणि माझ्या मापावर गावात कधी कोणी बोट ठेवलं नाही.

नात पाचवीत. गणिताचा तास असला की तिचं पोट दुखायचं. डिसेंबरात शाळेनं गणिताचा मेळा भरवला. वर्गावर्गात कोडी, खेळ, पैजा. एका खेळात बादलीभर ज्वारी ठेवायची. ती किती वाट्या भरेल याचा अंदाज मुलांनी आधी फळ्यावर लिहायचा, मग कुणाच्या तरी घरच्या मोठ्या माणसानं मोजून दाखवायचं. ज्याचा अंदाज जवळचा, त्याला बिल्ला. गणितात पोरीनं पहिल्यांदाच आपणहून हात वर केला होता. "माझे आबा धान्य मोजायचे," असं मॅडमना सांगून आली होती.

मेळ्याच्या दिवशी तिनं बादलीत वाटी ठेवून पाहिली, तळाशी किती मावतील, असे थर किती होतील, बोटांवर काहीतरी केलं आणि फळ्यावर चोवीस लिहिलं. शेजारच्या पोरानं वीस लिहिलं.

"तुझं चुकणारच," तो म्हणाला.

"बघूच," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी आली. "आबा, सपाट भरायची हं. काठाच्या वर नाही."

"आता तू मला शिकवणार व्हय?"

मी वाटी भरली. "लाभ," म्हणालो. सगळा वर्ग खिदळला.

"अहो आजोबा, एक म्हणा ना!"

"पहिल्या मापाला एक म्हणत नाय बाळांनो. लाभ म्हणायचं. दोन…"

मॅडमना फार कौतुक वाटलं. त्या हसत पलीकडच्या टेबलाकडे गेल्या.

आता सपाट म्हणजे सपाट, मला कळत होतं. पण दाणे काठावरून घरंगळायला लागेपर्यंत माझा हात थांबतच नाही. काठावर ढिगाची शीग नसलेलं माप दिलं की आमचा बाप जेवायचा नाही. तळहात फिरवून वरचे दाणे खाली लोटावे असं मनात येई, तोवर वाटी पलीकडे रिकामी झालेली असे. एकोणिसाव्या वाटीला बादली संपली.

वीसवाला नाचायला लागला. नात मॅडमकडे धावली. "मॅडम, परत एकदा मोजायचं का?"

"हो, मोजा की. पडताळा घ्यायलाच हवा."

या वेळी मी दात आवळून बसलो. पण पोरांनी एका सुरात "लाभ!" म्हणून ओरडा केला, पुढचा आकडा, त्याच्या पुढचा, आणि हात त्या तालावर आपल्या जुन्या वाटेनं निघून गेला. पुन्हा एकोणीस. आकडा ऐकून मॅडम आल्या.

"बघा मुलांनो, दोन्ही वेळा सारखं! याला म्हणतात अचूक मोजमाप. आजोबांसाठी जोरात टाळ्या!"

नात माझ्या हाताकडे बघत होती. तिला शीग दिसली होती. बोलायला तोंड उघडलं तिनं, माझ्याकडे पाहिलं, आणि तीही टाळ्या वाजवायला लागली. मी सांगायला हवं होतं. बिल्ला त्या पोराच्या शर्टाला लागला.

रिक्षात विचारलं, "बोलली का नाहीस गं?"

"तुमच्यासाठी टाळ्या वाजत होत्या ना." तिनं तोंड बाहेर वळवलं. "मॅडमना वाटलं असेल, माझं नेहमीसारखंच चुकलं."

रिक्षावाल्यालाच उगाच म्हणालो, "हळू घे रे, खड्डा हाय."

घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "उद्या माझं पोट दुखणार आहे."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल शोधत राहिलो, पायातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घातली, नातीचं दप्तर खांद्याला लावलं आणि घंटेच्या आधी तिला घेऊन शाळेच्या फाटकात उभा राहिलो.

"काय काम आहे बाबा?" वॉचमननं विचारलं.

"गणिताच्या मॅडमना बोलवा," मी म्हणालो. "माझं माप खोटं नव्हतं. पण दर वाटीवर पाव वाटी शीग भरली गेली. पोरीचे चोवीस बरोबर होते, ते वर्गात सांगायचंय."