आजचा माल: मी

वरूड-शेंदूरजनाघाट पट्ट्यातल्या तमाम संत्रा व्यापाऱ्यांना माझी उंची, रास आणि रक्तगट तोंडपाठ आहे. यात माझा काडीचाही दोष नाही. (मामांचं मत वेगळं आहे.)

मी अकोल्याचा, संगणकाच्या जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा. एका सॉफ्टवेअरचा निरोप दुसऱ्याला कळेल असा करून पोचवायचा, हे माझं काम. शेंदूरजनाघाटचे माझे मामा संत्र्याचा धंदा करतात. मालाचा फोटो नि माहिती ते एकेका व्यापाऱ्याला हातानं पाठवत. मला राहवलं नाही.

"मामा, अशी सिस्टीम बसवतो, की एका फोल्डरमध्ये फाईल टाकली की सगळ्यांना आपोआप जाईल!"

मुहूर्तही छान होता. अमरावतीचे एक संत्रा व्यापारी, मामांचं जुनं गिऱ्हाईक, आपल्या मुलीला घेऊन रविवारी मला पाहायला मामांकडेच येणार होते. आधीची सगळी स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. आईनं बजावलं होतं, "या वेळी तोंड उघडू नको." मी शनिवारी सकाळीच पोचलो.

मामांच्या लॅपटॉपवर आधी कंटेनर बसवला. कंटेनर म्हणजे मसाल्याचा डबा. एक वाटी काढा, दुसरी घाला, बाकीच्यांना धक्का नाही. त्यात निरोप पोचवणारं फ्रेमवर्क घातलं. त्याचे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूलं, बसवली, पण सुरू एकही होईना!

"काऊन रे, मेलं काय?" मामा.

"नाही हो. हे मॉड्यूल त्याची वाट पाहतंय, ते तिसऱ्याची, आणि तिसरं मी घातलंच नाही."

"मंजे मोठे जवाई आल्याबिगर पंगत बसून नाई रायली!"

"अगदी तसंच."

"मंग आन ना जवायाले!"

जावई आणले, पंगत बसली. खुशीत येऊन मी प्रत्येक निरोपाच्या वर 'आजचा माल' आणि खाली 'माल जसा आहे तसा. परत घेतला जाणार नाही' असं आपोआप छापायची सोय केली. शिवाय समोरून उत्तर येईपर्यंत तोच निरोप पुन्हा पुन्हा जाईल अशीही! हे सगळं मामींना कौतुकानं समजावलं आणि जेवून आडवा झालो.

मामांच्या ओरडण्यानं उठलो.

"अबे, वरूडचा व्यापारी इचारून रायला, माल मेष राशीचा कसा हाये मनून!"

मी धावत मामींकडे गेलो. मामी शांतपणे संत्रं सोलत होत्या.

"मामी, फोल्डरमध्ये काय टाकलं?"

"तुहा बायोडाटा. तूच त मनला, त्यात टाकलं का सगळ्यायले पोचते. एवढ्या लोकायत एखांदी पोरगी निंगनच!"

(मिळेल त्या हाती बायोडाटा द्यायचा, हा आमच्या घराण्याचा रिवाज. मामींचं काहीच चुकलं नव्हतं.)

मी फाईल काढली, पण निरोप केव्हाच रांगेला लागले होते. कंटेनर बंद करून पुन्हा चालू केला, तर राहिलेलं काम विसरायचं नाही असं मीच शिकवलेलं! निरोप नव्या दमानं सुटले. मामांनी वायर उपटली. बॅटरी भरलेली होती! इकडे उत्तरं सुरूच. 'नग बारका आहे.' 'माल जुना वाटतो.' 'रंगाचा फोटो पाठवा.'

आणि तेव्हा मला आठवलं, यादीत अमरावतीचेही होते!

फोन आलाच. मामांनी स्पीकरवर घेतला.

"दुपारपासून एकच माल पाठवून रायले तुमी. उठाव नाई वाट्टे?"

"तसं नाई भाऊ, पोरगा इंजिनेर हाये..."

"थे दिसूनच रायलं!"

मी डोळे मिटले. गेलं हेही स्थळ. मला खरंच रडू येत होतं. तेवढ्यात पलीकडून एका मुलीचं हसू ऐकू आलं. ते काही केल्या थांबेना. शेवटी कशीबशी ती म्हणाली, "बाबा, जाऊ ना उद्या. माल पायल्याबिगर नाई कसं मनाचं?"

रविवारी ते आले. मी आईची आज्ञा पाळली, तोंड उघडलं नाही. लग्न झालं.

परवा मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो आणि शेजारी गॅसवरचं दूध उतू गेलं. बायकोनं तडक मामांना फोन लावला.

"मामाजी, तुमचा माल वापस पाठवून रायली मी!"

"जमत नाई सूनबाई," मामा म्हणाले, "खालची ओळ वाच."

एवढी मोठी सिस्टीम उभी केली मी, पण त्यातली तेवढी एकच ओळ आजवर माझ्या कामी आली आहे.