कॉटेजचा मेन स्विच

इल्पो रौतिओ आमच्या दार-खिडक्यांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता. मी प्रशासन बघतो. आग लागली किंवा पाणी शिरलं तर कारखान्याची माहिती पुन्हा कशी उभी करायची, याची योजना आम्ही दोघांनी मिळून केली. एक बॅकअप सर्व्हर मिक्केली शहरातल्या ऑफिसात होताच, दुसरा दूर कुठेतरी हवा होता. तलावाकाठी कंपनीचं सॉना-कॉटेज आहे, वाफेच्या स्नानाची खोली असलेलं; तिथे ठेवू, असं मी सुचवलं.

"ऑलिस, सर्व्हरला घाम काढायची गरज नसते," इल्पो म्हणाला.

"अरे, मधे दोन भिंती आहेत. शिवाय जागा आपलीच."

"बरं. मग वर्षातून एक दिवस दे मला. इथलं सगळं बंद करून तिथल्या प्रतीवर कारखाना चालवून बघू."

"एक दिवस काम बंद? योजना कागदावर चोख आहे की."

"कागदावर माझा गुडघाही चोख आहे."

दरवर्षी तो दिवस मागायचा आणि दरवर्षी मी पुढे ढकलायचो.

सप्टेंबरअखेर तो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर गेला. सर्व्हर बंद पडला तर येणाऱ्या सूचना तोवर कोणी बघायच्या, हे ठरवायचं काम माझं. ते मी सोमवारवर टाकलं आणि विसरलो. त्याच आठवड्यात शनिवारी मी आणि माझी बायको मारयुत हिवाळ्यासाठी कॉटेज बंद करायला गेलो. बोट पालथी घातली, पंपातलं पाणी काढलं आणि निघताना मेन स्विच पाडला. वडिलांच्या कॉटेजवर लहानपणापासून करत आलो, तसाच. आत सर्व्हर आहे हे मनातही आलं नाही.

नोव्हेंबरात ऑफिसातली पाण्याचा पाइप फुटून तिथला सर्व्हर गेला. कॉटेजमधल्या प्रतीत शेवटचे सात आठवडे नव्हते. तेवढ्या काळातली गिऱ्हाइकांची मापं आणि नकाशे कायमचे गेले.

कॉटेजची किल्ली बाराजणांकडे होती. चौकशीच्या बैठकीत संचालकबाईंनी विचारलं, "स्विचवर साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती? सूचना कोणाच्या मेलवर येत होत्या?"

"माझ्या," इल्पो म्हणाला. सूचना बघायला माणूस नेमायचं काम माझं होतं आणि स्विचही मीच पाडला होता, हे मी सांगितलं नाही.

त्याला सुट्या भागांच्या काउंटरवर बसवलं. दोन वर्षं बिजागऱ्या मोजून तो निवृत्त झाला.

या वसंतात, माझी निवृत्ती तोंडावर आली तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. "तो स्विच मी पाडला होता," मी म्हणालो.

"माहीत आहे. गुडघा कसा आहे विचारायला मारयुतने त्या संध्याकाळी फोन केला होता. आताच कॉटेज बंद करून आलो, म्हणाली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

"मी कंपनीला लिहून कळवतो, इल्पो."

"कळव. मला दाखवायला मात्र आणू नकोस."

मी सगळं तारीखवार लिहून पाठवलं. आता संचालक नवे आहेत. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: माहितीबद्दल आभार, प्रकरण जुनं असल्याने बंद आहे. त्यानंतर दोनदा इल्पोच्या गल्लीपर्यंत गेलो आणि तिथूनच परतलो. आता जाऊन सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.