घरच्या उमेदवारीला बाहेरचे हात

आमच्या घरचा उमेदवार निवडताना मी लोकशाही आणली, आणि तिनं मला प्रचंड बहुमतानं निवडून दिलं. हीच ती दुर्घटना.

जळकोटजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या पॅनलनं वॉर्डाची उमेदवारी आमच्याच घरात द्यायची ठरवली. इच्छुक दोघं : माझ्या थोरल्या वैनी आणि मी. नळाला पाणी आलं नाही की वैनी थेट टाकीवर जाऊन भांडणार. मी स्टेशनरीच्या दुकानात बसून देशाचं भवितव्य सांगणार. (ऐकायला गिऱ्हाईक लागतंच असं नाही.)

"घरातल्या घरात हात वर करून ठरवू," आमचे वडील, आप्पा, म्हणाले.

मी मनातल्या मनात घरातले हात मोजले आणि घाबरलो. सगळे वैनींच्या हातचं खाणारे!

"न्हाई चालायचं, आप्पा! मेंबर काय घरापुरता असतो? सगळ्या वॉर्डाला मत देऊ द्या!"

"आन् समोरच्या पॅनलवाले आले तर?"

"येऊ द्या की! लोकशाहीला दार नसतंय!"

स्वयंपाकघरातून माझी बायको मंगल म्हणाली, "आपल्या घरी भाजी कोणती करायची, हे शेजाऱ्यानं ठरवायचं व्हय?"

(बायकांना राजकारणातलं बारीक कळत नाही, असं मी तेव्हा मोठ्यानं म्हणालो. ते वाक्य मला अजून जेवताना वाढलं जातं.)

रविवारी सकाळी अंगणात माणूस मावेना. समोरच्या पॅनलचे गंगाधरराव तर कडक इस्त्रीची फौजच घेऊन आले. वैनी सगळ्यांना चहा देत होत्या. आप्पांनी आधी त्यांचं नाव घेतलं. आमच्या घरातले आणि शेजारचे सलीमचाचा, एवढेच हात वर झाले. मंगलचा सगळ्यात उंच!

मग माझं नाव. आणि अंगणात हातांचं जंगल उगवलं! गंगाधररावांनी तर दोन्ही हात वर केले. माझा ऊर भरून आला. विरोधकसुद्धा मानतात की राव आपल्याला! मी तिथंच भाषण सुरू केलं, "माझं काम पॅनलच्या पलीकडं..."

गंगाधररावांनी मला मिठीच मारली. "लई झाक, शिवाभाऊ! आता माघार घ्यायची न्हाई बरं का. आमच्या पोरासमोर तुमच्यासारखाच माणूस पायजे होता. वैनी असत्या तर घाम फुटला असता!"

सगळं अंगण हसलं. सलीमचाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाबा, गिरानेकूच उठाए ना तुमकू!"

मी उरलेलं भाषण गिळलं आणि वैनींसमोर जाऊन उभा राहिलो. "वैनी, अर्ज तुम्हीच भरा."

"भरते की, भाऊजी. पण हे कालच बोलला असता, तर मला अर्ध्या गावाचा चहा उकळावा लागला नसता!"

वैनी निवडून आल्या. दणक्यात! मिरवणुकीत सगळ्यात पुढं मीच नाचलो, आणि अगदी मनापासून. नाचता नाचता वाटेत गंगाधरराव दिसले. चेहरा पार उतरलेला.

"दगा दिलात, शिवाभाऊ. आम्ही किती विश्वासानं निवडून दिलं होतं तुम्हाला!"

मला खरंच वाईट वाटलं हो. आयुष्यात मला मत देणारे तेवढेच. त्यांनाही मी तोंडघशी पाडलं!