बेवड्याचं वळण

मॅलकी गिलहूलीने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांचा बिल्ला कायम त्याच्या कोटावर असायचा, स्वतःच्या लग्नातही होता. त्याला होता तो मधुमेह. एका दुपारी सायकलवरून येताना साखर उतरली आणि झोकांड्या खात तो वळणावरच्या चरात पडला. दुधाच्या लॉरीवाल्याने पाहिलं. "आज बिल्ला घरी राहिला वाटतं!" म्हणून हसला आणि निघून गेला. संध्याकाळी मॅलकी सापडला, तेव्हा सगळं संपलं होतं.

लिट्रिम परगण्यातल्या त्या रस्त्यांवर पाट्या नाहीत. केसीचा फाटा, विधवेची चढण, जळकं फाटक, असंच सांगायचं. त्यात 'बेवड्याचं वळण' कुणी घातलं, विचारलं तर सगळे हात वर करतात. म्हणतात मात्र सगळेच. पोस्टमन म्हणतो, पाद्रीबाबा म्हणतात, मॅलकीला कधी न पाहिलेली माणसंही म्हणतात. आग लागो असल्या रस्त्याला!

त्याची बायको ॲट्रॅक्टा भांडून भांडून थकली. "अगं, नुसतं नाव ते, मनाला काय लावून घेतेस?" हे तिला सांगणार कोण, तर लॉरीवाल्याची बायको. शेवटी ॲट्रॅक्टाने आणि तिच्यासोबत राहणारी मॅलकीची थोरली बहीण डिंप्ना हिने ते नाव तोंडात घ्यायचं नाही असं ठरवलं. पाहुण्यांना त्या 'पुलापलीकडचं घर' सांगत. पाहुणे चुकत. चुकू देत.

एका दुपारी डिंप्ना चुलीपाशी छाती धरून कोसळली. ॲट्रॅक्टाने रुग्णवाहिकेला फोन लावला.

"डेरीनाव्ही. गिलहूलींचं घर."

"कुठलं डेरीनाव्ही, बाई? तीन आहेत."

"पुलापलीकडचं."

"पूल तिन्हीकडे आहेत. काहीतरी खूण सांगा, लवकर!"

डिंप्नाला बोलता येत नव्हतं. जमिनीवरून ती नुसती मान हलवत होती, नको, नको. ॲट्रॅक्टाने तिच्याकडे पाठ केली.

"बेवड्याच्या वळणाजवळ."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! ते सगळ्यांना ठाऊक आहे."

गाडी वेळेवर आली आणि डिंप्ना वाचली. इस्पितळातून घरी आली त्या दिवशी ॲट्रॅक्टाने चहा पुढे केला.

"घ्या वन्सं, गरम आहे."

डिंप्नाने कप बाजूला सारला. "लोक माझ्या भावाला बेवडा म्हणाले, तेव्हा मी लोकांशी बोलणं टाकलं. आता तुझ्याशी तरी कशी बोलू?"

आणि ती खरंच बोलली नाही. त्या घरात दोघींशिवाय होतं कोण?