पाणी चाखणारी मावशी

सांगवियन मावशी पाणी जिभेने मोजायची. थायलंडमधल्या सामुत सोंगख्रामच्या आमच्या कालव्यांत नारळाची सोडणं भरतीच्या मचूळ पाण्यात कुजवतात, त्यामुळे काथ्यात मीठ मुरतं. त्यावर रांजणातलं पावसाचं पाणी ओतायचं, निथळलेलं तळहातावर घेऊन चाखायचं, आणि गोडं लागेपर्यंत ओतत राहायचं. तीस वर्षं ऑर्किडवाले डोळे मिटून तिच्याकडून काथ्या न्यायचे.

सरकारने गांजा लावायला मोकळीक दिली, त्या वर्षी मी बँकॉकचा शिवणकारखाना सोडून घरी आले. परवाना काढला, एका दवाखान्याला औषधासाठी गांजाची फुलं द्यायचं ठरलं. माती नाही, कुंड्यांत नुसता मावशीचा काथ्या. पीक हातचं गेलं तर मला पुन्हा मशीनपुढे बसावं लागणार होतं.

"परत गेलीस तर तंगडी मोडीन तुझी," मावशी म्हणाली. मग निथळलेलं पाणी चाखून तिने सांगितलं, "झालं गोडं. भर कुंड्या."

तीन आठवड्यांत पानांची टोकं करपली. खत बदललं, सावली केली, काही फरक पडेना. शेवटी कुंडीखालचं पाणी मी बोटाने जिभेला लावलं. खारट!

आधी मला मावशीचा रागच आला. मग तिचं कालवण आठवलं. चार महिन्यांपूर्वी करोनाच्या साथीत तिला मोठा ताप येऊन गेला होता, आणि तेव्हापासून ते इतकं खारट व्हायचं की तोंडात धरवत नव्हतं. आम्ही सगळे भाताचा डोंगर घेऊन गपगुमान जेवायचो, वर "छान झालंय" म्हणायचो. मोठ्या माणसाला तोंडावर कसं बोलायचं?

त्या दिवशी मी बोलले. तिने तेच पाणी दोनदा चाखलं.

"मला काहीच लागत नाही गं. चव गेल्यासारखी वाटायची. पण तुम्ही सगळे छान म्हणता, म्हटलं अजून चालतंय आपलं. म्हणजे कालवणही?"

"मी आल्यापासून रोज, मावशी."

"आणि तू दुसऱ्यांदा वाढून घेत होतीस? मेल्यांनो, त्या झाडांना तरी अक्कल आहे!" ती हसली, आणि मग खांद्यावरच्या पंच्यात तोंड लपवून बराच वेळ रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तीन दिवस ती स्टुलावर बसून हुकूम सोडत होती आणि मी ओतत, चाखत होते.

"गोडं झालं, मावशी."

"पुन्हा चाख. तुझ्या जिभेचा भरवसा नाही मला."

निम्म्याहून जास्त झाडं जगली. मी गावातच राहिले. पुढे दोन वर्षं आम्ही दोघींनी मिळून काथ्या धुतला, आणि तिच्या शिव्या खात चाखण्यात जे सुख होतं ते आता नाही.

गेल्या वर्षी ती गेली. देवळात तिच्या नावाने जेवण होतं, कालवण खारट झालेलं. सगळे मान डोलवत "वा, वा" म्हणत होते. मी ताटावरून उठले आणि स्वयंपाक करणाऱ्या थोरल्या काकूंना सर्वांदेखत सांगितलं, "खारट झालंय, काकू. नारळाचं दूध वाढवा."

सगळी पंगत माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. बघू दे. मावशीला चार महिने कुणीच सांगितलं नव्हतं.