परातीतल्या दोन काड्या

यांच्या शोकसभेत उचगावचे एक गृहस्थ, यांचे जुने विद्यार्थी, माइकवर म्हणाले, "गुरुत्वाकर्षण कशातून येतं, हे आमच्या सरांनी शोधून काढलं." सगळे माझ्याकडं आदरानं बघायला लागले. मी पदर सावरला आणि हात जोडले. यांना जाऊन महिना झाला, पण त्या जोडलेल्या हातांची लाज काही जात नाही...

हे बेळगावात हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. पोकळी म्हणजे काहीच नाही, असं वर्षानुवर्षं शिकवलं. मग सत्तरच्या दशकात कुठल्याशा नियतकालिकात वाचलं, की पोकळी हा अजिबात घर्षण नसलेला द्रव असावा. गुरुत्वाकर्षणच काय, जागा आणि काळसुद्धा त्याच्या हालचालीतून उमटत असावेत. झालं, माणूस झपाटला. उचगावच्या गणपतीत व्याख्यान होतं, तिथं माझी कणीक मळायची परात घेऊन गेले. पाण्यात कडब्याच्या दोन काड्या सोडल्या. त्या हळूहळू सरकत एकमेकींना चिकटल्या. "ह्या एकमेकींस्नी ओढत न्हाईत. पाणी वाकतंय, म्हणून जवळ येत्यात. पोकळीचं तसंच हाय."

एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "मग पृथ्वी त्यात अडत न्हाय व्हय?"

"न्हाय आप्पा. ते पाणी कुणालाच अडवत न्हाय." असं छातीठोक सांगून आले.

पुढं काही दिवसांनी जेवता जेवता यांचा हात थांबला. "अगं, ती नुसती कल्पना हाय. सिद्ध कुठं झालीया? मी खरं म्हणून सांगून आलो."

"कोण विचारतंय तुम्हाला?"

"मी सांगितलंय न्हवं?"

रविवारी सायकल काढून उचगावला गेले आणि ते अजून सिद्ध झालेलं नाही, असं दारोदार सांगत फिरले. लोक हसले. मंडईत भाजीवाली मला म्हणाली, "मास्तरांची पोकळी घावली काय वो?" घरी येऊन मी यांच्यावर लई डाफरले, चारचौघांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही म्हणाले. हे खाली मान घालून बसले. "छातीठोक सांगितलं तवा लाज वाटाय पायजे हुती गं. आता कशाला?"

तर ती कल्पना यांची नव्हती, दुसऱ्या शास्त्रज्ञांची होती. आणि ती अजून सिद्ध झालेली नाही. यांना ती फार आवडली होती, एवढंच खरं.

काल परातीत पाणी घेऊन दोन काड्या सोडून बघितल्या. आल्या जवळ. शोकसभेतल्या त्या गृहस्थांकडं रविवारी जायचं ठरवलंय. मला सायकल येत नाही, बसनं जाईन. परात पिशवीत मावत नाही, काखेत मारून नेईन.