मोकळा फुटपाथ

मला दिसत नाही, पण चष्म्याच्या कंपनीतल्या त्या माणसाला वाटतं की ऐकूही येत नाही. इथे इंग्लंडात ब्रॅकनेलच्या ऑफिसातून आला की दारातूनच ओरडतो, "ताई, कशा आहात?" आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या नवऱ्याला विचारतो, "यांना आज चालायला जमेल ना?" अंधांना कानात रस्ता सांगणारा एआयचा चष्मा त्याची कंपनी बनवते, आणि तो वापरून बघायला मी होकार दिला होता. चष्मा चुकला असं सांगितलं की म्हणतो, "ताई, मान जरा हळू वळवा." चूक नेहमी माझ्या मानेचीच.

गेल्या महिन्यात तो कंपनीच्या पाहुण्यांना घेऊन स्लाऊला आमच्या रस्त्यावर आला. तो कचरा उचलायचा वार होता. मी दारात उभी होते आणि मला चाकांचा खडखडाट आणि त्याची धाप ऐकू आली. फुटपाथवरचे कचऱ्याचे बिन्स तो स्वतः ओढून शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेत ढकलत होता. मग मी चष्मा लावून चालले. रस्ता मोकळा आहे, असं चष्मा कानात सांगत राहिला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, कसं वाटलं? चारचौघांत त्याची शोभा नको, म्हणून मी त्याला मराठीत म्हणाले, "आधी ते बिन्स जागेवर ठेव. या चष्म्यावर विसंबून उद्या कुणीतरी तोंडावर आपटेल."

"ताई म्हणतात, त्यांचं आयुष्यच बदललं," त्याने हसत हसत इंग्रजीत सांगितलं.

मग मी माझं वाक्य पुन्हा म्हटलं, इंग्रजीत.